कार्डाचं वय

कंपनीवाले हो, तुम्ही खोटं बोललात. मखमलाबादच्या वेदिकानं सकाळी कॉम्प्युटर लावला की तुम्ही पडद्यावर पिवळी पाटी झळकवायचात: तुमचं ग्राफिक्स कार्ड जुनं झालं आहे, या कामाला पुरं पडणार नाही, नवीन घ्या. ते कार्ड तुम्ही कधी बघितलं होतं? मखमलाबाद कुठल्या दिशेला आहे, एवढं तरी ठाऊक होतं?

वेदिकाच्या सासरी फुलांची शेती. झेंडू, शेवंती, निशिगंध. फुलं यांची मार्केटात जायची आणि मंडप सजवून नाव दुसऱ्याचंच व्हायचं. ते तिला बघवेना. मोबाइलवर बघून बघून ती थ्रीडी डिझाइन शिकली, एक वापरलेला कॉम्प्युटर आणला आणि लग्नाचं स्टेज पडद्यावर उभं करून गिऱ्हाइकाला चारी बाजूंनी फिरवून दाखवायला लागली. फुलं घरची, सजावटही घरची. नवरा सोमनाथ बांबू बांधायचा आणि येईल त्याला बायकोचं कौतुक ऐकवायचा.

चित्र फिरवायची सगळी मेहनत या सात वर्षांच्या कार्डाची. दसरा झाला आणि त्यानं मान टाकली. चित्र दहा मिनिटं फिरवलं की पडदा काळा. इकडं रविवारी गंगापूर रोडच्या छायाताई लेकीच्या लग्नाचं स्टेज बघायला येणार होत्या. तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलं मोठं काम. त्यांच्यासमोर पडदा काळा झाला असता तर काम गेलंच असतं, वर गावभर हसं झालं असतं.

शहरातल्या दुकानदाराला फोन लावला. त्यानं पाटीवरचंच वाचून दाखवल्यागत सांगितलं, कार्ड संपलं. नव्या कार्डाला पॉवर सप्लायही नवा लागेल, मग मदरबोर्डही बदललेला बरा. सोमनाथनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे फाळ बोथट झाला तर बैल बदला," तो फोन ठेवून म्हणाला.

तरी वेदिकानं घ्यायचं ठरवलं. इभ्रतीचा प्रश्न होता. दुकानदाराला मापासाठी जुन्या कार्डाचा फोटो हवा होता, म्हणून शनिवारी तिनं कॉम्प्युटरचा डबा भिंतीपासून ओढून फिरवला. हवा लागावी म्हणून भिंतीकडच्या बाजूचं झाकण कायम काढलेलंच असायचं. तिनं आत बॅटरी मारली. कार्डाच्या पंख्यावर लालपिवळा थर बसला होता आणि पात्यांत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या अडकल्या होत्या.

सासूबाई, सिंधुबाई, दारातच उभ्या होत्या. त्यांनी काही लपवलं नाही.

"खंडेनवमीची पूजा हाय ती."

खंडेनवमीला त्या पाण्याच्या मोटारीला, फवाऱ्याला, विळ्याला, राबणाऱ्या एकूण एक वस्तूला हळदीकुंकू लावायच्या. कॉम्प्युटरच्या डब्यालाही दरवर्षी बोट लावायच्या. पण यंदा सुनेनंच त्यांना समजावून सांगितलं होतं, की खरं काम आतलं पंख्याचं कार्ड करतं. मग नुसत्या डब्याला कशाला पुजायचं? त्यांनी आत हात घालून राबणाऱ्यालाच मुठीनं हळदीकुंकू आणि झेंडूची फुलं वाहिली.

वेदिकाला रागवावं की हसावं कळेना. "आई, मोटारीला कधी मुठीनं वाहिलंत का?"

"मोटारीचा कुणी एवढा मोठेपणा नाय सांगितला मला."

सोमनाथनं दाढीचा ब्रश आणि सायकलचा पंप आणला. वेदिकानं पात्यांवर बोट दाबून पंखा धरून ठेवला, त्यानं पंप मारला आणि सगळं कुंकू त्याच्याच तोंडावर आलं. तो नुकत्याच निवडून आलेल्या सरपंचासारखा दिसायला लागला. सिंधुबाई पदर तोंडाला लावून हसत बसल्या, हसता हसता पाकळ्या वेचून देत राहिल्या. मग वेदिकानं चित्र फिरवत ठेवलं. दहा मिनिटं झाली, तास झाला. पडदा काही काळा झाला नाही. तिनं दुकानदाराला कळवून टाकलं, उद्या छायाताईंना जुन्यावरच दाखवणार.

रविवारी छायाताई आल्या, स्टेज चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाल्या, झेंडू काढून निशिगंध घाला. जुन्या कार्डाला त्या बदलाला चार मिनिटं लागतात. तेवढ्यात वेदिकानं त्यांना वावरात नेऊन खराखुरा निशिगंध हातात दिला. परत येईस्तोवर पडद्यावरचं स्टेज पांढरंशुभ्र झालं होतं. छायाताईंनी हातातल्या फुलाकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं आणि लग्नाची तारीख लिहून घ्यायला सांगितली.

सोमवारी पाटी पुन्हा आली: नवीन घ्या. वेदिकानं नवीन कार्डाचा विचार तिथंच सोडला. पाटीखाली 'आम्हाला लिहा' असा बारीक चौकोन होता. तो तिनं उघडला आणि एकदाही न खोडता लिहिलं:

"तुमच्या पाटीवर भरवसा ठेवून मी चांगलं कार्ड भंगारात घालणार होते. त्याच्या पंख्यात कुंकू होतं, ते झटकलं. आता चालतंय. हळू चालतं, हे मला मान्य. हळू तर आमच्या सासूबाईही चालतात, म्हणून त्यांना कुणी बदला म्हणत नाही. माझं यंत्र उघडून न बघता ते संपलं, हे तुमच्याकडं कुणी ठरवलं? आणि कशावरून? त्या माणसाचं नाव आणि कारण, दोन्ही मला लेखी कळवा."