शेवटची पानं नसलेली पुस्तकं

गोष्ट लिहायला कुठं शिकलीस असं कुणी विचारलं, की बाइंडरची धाकटी सरळ सांगते, "बाबांच्या दुकानात, खळीच्या वासात." ऐकणाऱ्याला वाटतं, बाई थट्टा करतेय.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आता तिथं मोबाइल विकतात, आणि त्या रस्त्यानं जाताना धाकटीची पावलं आपोआप रेंगाळतात. तेव्हा दाराशी पुठ्ठ्यांची थप्पी असायची, मधे पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, आणि खिडकीखाली वाचनालयातून आलेल्या आजारी पुस्तकांची रांग. आई गेली त्या वर्षी घरातलं बोलणंच आटलं होतं. बाबा मान खाली घालून पानं शिवायचे, दादा पुठ्ठे कापायचा, आणि नऊ वर्षांची धाकटी उगीच दोऱ्याची रिळं लावत बसायची.

एकदा जेवताना बाबा आपणहून बोलले. "होडीवाल्याची एक कादंबरी आलीय. त्याची बायको रुसून नदीपलीकडं निघून गेलीय. नदीला पूर. आणि नेमकी शेवटची पानं गायब! काय झालं असेल पुढं?"

दादानं तिथल्या तिथं होडी बुडवली. सगळे ठार.

"अरे, जरा दम धर!" बाबा हसले. किती दिवसांनी!

"बायको परत आली," धाकटी म्हणाली.

"कशी?"

"आली म्हणजे आली."

"असं कसं? आधी सांग, तिला हवंय काय? घरी यायचंय ना? मग आडवं काय येतंय, पूर की राग?"

धाकटीचा घास हातातच राहिला. "राग," ती शेवटी म्हणाली. "पूर काय, ओसरतो."

बाबा तिच्याकडं बघतच राहिले.

मग तो नादच लागला. शेवट फाटलेलं पुस्तक आलं, की जेवताना त्याचा फडशा. बाबांचे नियम कडक. अडचण सोडवायला आयत्या वेळी नवा माणूस आणायचा नाही. 'अचानक' म्हणायचं नाही. माणूस घरात शिरला, तर दार कुठल्या बाजूला उघडतं ते सांगता आलं पाहिजे. दादा चोर, दरोडे, खून यांत रमायचा. धाकटीच्या गोष्टीत मात्र, पुस्तक कुठलंही असो, कुठून तरी एक बाई घरी परतायची. दादा चिडवायचा. बाबा त्यावर कधी हसले नाहीत.

एका रविवारी वाचनालयाच्या बाईंनी होडीवाल्याच्या पुस्तकाची अख्खी प्रत दिली. बाबांनी शेवट मोठ्यानं वाचला. बायको येत नाही. होडीवाला रोज दुसऱ्यांना पलीकडं पोचवतो. बस.

धाकटीनं पुस्तक हिसकावून भिरकावलं. "खोटं आहे हे!"

दादा या वेळी चिडवायला गेला नाही. बाबांनी पुस्तक उचललं, दुमडलेला कोपरा अंगठ्यानं सरळ केला आणि म्हणाले, "बसा दोघं."

आईच्या आजारपणात पोरांना मावशीकडं ठेवलं होतं. पोरं परत आली तेव्हा आईची खिडकीजवळची खाट रिकामी. काय झालं ते कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची त्यांची छाती झाली नाही.

"तिला घरी यायचं होतं," बाबा म्हणाले. "दवाखान्यात करमेना. डॉक्टर म्हणायचे, ताप उतरू दे. ती सारखी विचारायची, धाकटीच्या वेण्या कोण घालतं? मी म्हटलं, मावशी. तर म्हणे, अहो, ती फार आवळते!"

धाकटीला खुदकन हसू आलं, आणि त्यातच हुंदका फुटला.

"आम्हाला का नाही नेलंत?" दादानं विचारलं.

"तीच म्हणाली, पोरं घाबरतील, मीच येते की घरी. मलाही तसंच वाटत होतं."

"मग?"

"मग ताप डोक्यात गेला. सकाळी मी उशाशी होतो. माझा हात धरला होता तिनं. तो सैल झाला."

खळ भांड्यात वाळून गेली. तिघं एकमेकांना बिलगून बसली, रडली, आणि रडून झाल्यावरही उठली नाहीत.

"तिला राग यायचा का हो?" धाकटीनं नाक पुसत विचारलं.

"यायचा तर! लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्याशी अबोला धरला होता."

"कशावरून?" दोघांनी एकदमच विचारलं.

बाबा भिंतीला टेकले, पाय लांब केले आणि सांगू लागले.