लाल डोळ्याची बाई

अक्कलकोट नाक्याजवळच्या पत्र्याच्या शेडपुढं टॅक्स्यांची रांग होती आणि रांगेपेक्षा मोठी रिकामटेकड्यांची जत्रा. आत बसलिंगप्पा उर्फ मोटारबाबा. अंगात भगवी कफनी, कफनीच्या खिशात पान्हा.

श्रीमंत माझा मैंदर्गीतला शेजारी. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. मेंढरं विकून त्यानं जुनी मोटार घेतली आणि सोलापूरची भाडी मारायला लागला. अलीकडं गाडी चालू असताना स्टिअरिंगपुढं लाल दिवा लागायचा. तो तेलाचा दिवा. इंजिनातल्या तेलाचा दाब पडला की लागतो. रुद्रप्पा मिस्त्रीनं गाडीखाली झोपून बघितलं आणि सांगितलं, "तेल गळतंय. इंजिन खोलावं लागंल. आठवडाभर गाडी हितं ठेव."

ऐन लग्नसराईत आठवडा? श्रीमंतला मिस्त्री जड वाटला, बाबा सोपा वाटला. मी सोबत गेलो ते त्याला परत फिरवायला.

बाबानं दिव्याकडं बघून डोळे मिटले. "इंजिनात बाई शिरलीया. वळसंगच्या वळणावर मोटारीखाली मेली, तवापासनं हिंडतीया. ह्यो तिचा डोळा."

"व्हय महाराज, वळण हाय तितं," श्रीमंत म्हणाला. वळण कुठल्या रस्त्याला नसतं?

बाबानं बॉनेट उघडलं आणि दोघांना चादर आडवी धरायला लावली. बाईला परपुरुषाची नजर चालत नाही म्हणे, बाबाची चालते. चादरीआड लिंबू बांधलं, काळा दोरा गुंडाळला, बॉनेट आपटलं. गाडी सुरू केली तर दिवा गायब. लोकांनी हात जोडले.

"अवसेपत्तुर बॉनेट उघडायचं न्हाय. उघडलं की बंधन तुटलं."

"तेल बघायलासुद्धा नाही?" मी विचारलं.

"मास्तर, तुमी पोरं हाकावीत. बाया आमी बघतो."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं श्रीमंत हसला.

त्याची लेक मायाक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या आणि नर्सबाई म्हणाली, मूल आडवं आहे, ताबडतोब सोलापूरला न्या. "गाडी दारात हाय की," श्रीमंत म्हणाला. मी पुढं बसलो. मागं मायाक्का आईच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होती. वैशाखाचं ऊन. वळसंगच्या अलीकडं इंजिन खडखडलं, एक आचका दिला आणि जाम झालं. दिवा शेवटपर्यंत लागला नाही. बैलगाडी मिळाली, मग ट्रक मिळाला. मायाक्का वाचली. मूल मेलेलं निघालं.

आता वाटेल, श्रीमंत बाबाचं मुंडकं धरायला गेला असेल. छे. तो नारळ घेऊन क्षमा मागायला गेला. मी मागोमाग.

"माजं काय चुकलं महाराज? बॉनेटला हात लावला न्हाई."

बाबानं सुस्कारा सोडला. "मनात शंका आणलीस. तरी तिनं एकच जीव घेतला. न्हाईतर तुमी समदी गेला असता."

"दयाच केली की," गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि माना डोलल्या. त्या माना मुरगाळाव्यात असं मला वाटलं, अजूनही वाटतं.

बाजूला शंकरप्पा टॅक्सीवाला नुकताच दोरा बांधून घेऊन गाडीत बसला होता. मी म्हटलं, "किल्ली फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. लाल दिवा लागला?"

"न्हाई."

"लागायला पाहिजे. इंजिन बंद असलं की तेलाला दाब नसतो, म्हणून धडधाकट गाडीतसुद्धा नुसती किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. तुमचा दिवा बरा झालेला नाही. त्याचं तोंड दाबलंय."

मी बॉनेट उघडलं. "बाई सुटंल!" बाबा ओरडला. भक्तगण एकमेकांच्या पायांवर पाय देत मागं पळाले. बाई काही बाहेर आली नाही. लिंबाखालचा दोरा तोडला, तर आत दिव्याची वायर, जागेवरून उपटून गुंडाळलेली. ती जागेवर बसवली, दिवा लागला. उपटली, विझला. पुन्हा बसवली. मग तेल मोजायची काडी ओढून दाखवली. टोकाला तेलाचा डागसुद्धा नव्हता.

श्रीमंत खिडकीतून त्या लाल दिव्याकडं बघत राहिला. हातात नारळ तसाच.

"त्या दिवशी ह्यो असा दिसला असता मास्तर, तर मी अक्कलकोटातच दुसरी गाडी केली असती."

बाबा मागच्या पत्र्यातून पसार झाला होता. मग डोलणाऱ्या मानांपैकी एक पुढं आली. "मास्तर, दुदनीला एक म्हाराज हाईत म्हणं. त्येंचा दोरा चालंल का?"

त्याला मी जे उत्तर दिलं ते छापण्याजोगं नाही. तुम्हाला छापण्याजोगं सांगतो. दिवा लागला तर गाडी थांबवा, तेल बघा. जो बॉनेट तुमच्या डोळ्यांदेखत उघडतो, काय बिघडलंय त्यावर बोट ठेवतो आणि वेळ लागेल म्हणून सांगतो, त्या मिस्त्रीकडं जा. चादर धरायला लावणारा भेटला, तर चादर सोडा आणि आत बघा. श्रीमंतनं चादरीचं एक टोक स्वतःच्या हातानं धरलं होतं.