बरी झाल्यानंतर

श्रद्धा बरी झाली आणि विनीतला तिचा राग येऊ लागला. आजारी होती तोवर तो तिला कधी उलटून बोलला नव्हता.

विनीत मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. घर खाडीपलीकडे, भाट्याला. घरात बायको श्रद्धा, मुलगी सानिका आणि आई तुळसा. तुळसाने उभा जन्म डोक्यावर मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरण्यात घालवला होता. त्याच पाटीवर तिने विनीतला वाढवलं.

सानिका जन्मली ती अशक्त. पंधरवड्यातच तिला जंतुसंसर्ग झाला आणि इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. बाळाला हात लावायच्या आधी हात धुवा, असं नर्स सारखं बजावायची. पोर वाचली, घरी आली, पण श्रद्धाचं हात धुणं काही थांबलं नाही. आधी बाळाला घेताना, मग दाराची कडी लावल्यावर, मग कोणी नुसतं अंगणातून गेलं तरी. आपल्या हातून काहीतरी लागेल आणि पोर मरेल, एवढाच एक विचार. तो खुळा आहे हे तिलाही कळत होतं. कळून उपयोग नव्हता. तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, थंडीत त्यातून रक्त यायचं.

विनीतने सगळं सांभाळून घेतलं. कामावरून आला की मागीलदारी कपडे काढायचे, तिथेच आंघोळ करायची आणि मग घरात पाऊल टाकायचं. "नीट धुतलंत ना?" ती विचारायची. "धुतलं." पुन्हा विचारायची, तो पुन्हा सांगायचा. माया म्हणजे हेच, असं त्याला वाटायचं. तुळसाने तर पाटीच सोडली. "पोरीला वासाचा त्रास होतो," असं ती शेजारणींना सांगे. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, अंगारा लावून झाला. वाडीतल्या बायका म्हणत, हिचं सोवळं फार. हा आजार आहे असं कोणीच म्हटलं नाही.

मग एका सकाळी तुळसा मागीलदारी शेवाळावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ती पुन्हा उभी राहिली नाही. तिची खाट पडवीत टाकली. वाऱ्यावर बरं वाटेल, असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण घरात तिघांनाही ठाऊक होतं. अंथरुणात सगळं करणारी म्हातारी घरात असली तर श्रद्धा जेवत नव्हती, सानिकाला जवळ घेत नव्हती. विनीत कामावर जाण्याआधी आईचं सगळं आवरायचा. दुपारी शेजारची एक बाई यायची. श्रद्धा पेजेचा वाडगा उंबऱ्यावर ठेवून मागे सरायची, आणि ती बाई येईतो पेज तिथेच निवत राहायची.

तुळसाने त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. एकदा आईपाशी विनीतच संतापला, तेव्हा ती म्हणाली, "तिला नको बोलूस. हात बघितलेस का तिचे?"

श्रावणात तुळसा गेली. बायकांनी तिला शेवटची आंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. सून कुठे म्हणून शोधाशोध झाली तर श्रद्धा विहिरीवर उभी राहून डोक्यावरून पाणी ओतून घेत होती. तुळसाची धाकटी बहीण, राजापूरची कमळामावशी, लांबून बघत राहिली. तेरावं होताच ती निघून गेली, आणि तिने फोन करणंही सोडलं.

गणपतीनंतर सानिकाच्या वर्गशिक्षिकेने विनीतला शाळेत बोलावून घेतलं. मुलगी तासातासाला हात धुवायला जाते, म्हणाल्या. त्या संध्याकाळी सानिकाने त्याला विचारलं, "पप्पा, मी आजीला हात लावलेला ना, म्हणून ती गेली?"

दुसऱ्याच दिवशी शिक्षिकेने दिलेल्या पत्त्यावर तो दोघींना घेऊन गेला. मारुती मंदिराच्या पुढे एका दवाखान्यात वरच्या मजल्यावर दर्शना नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बसत. त्यांनी श्रद्धाचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे वेड नाही आणि हौसही नाही. हा आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. विचार येतो, भीती वाटते. हात धुतले की भीती उतरते. ती उतरते म्हणून पुढच्या वेळी हात आणखी धुवावेसे वाटतात. आपण विचाराशी भांडायचं नाही. तो म्हणतो ते खरं होतं का, एवढं करून बघायचं." मग विनीतकडे वळल्या. "आणि तुम्ही आता 'धुतलं' म्हणून सांगायचं नाही. तुमच्या उत्तराने तिला घटकाभर बरं वाटतं आणि आजार वाढतो."

विनीतला ते लागलं. इतकी वर्षं ज्याला तो माया म्हणत होता तेच आजाराला खाऊ घालत होतं.

पहिल्या दिवशी श्रद्धाने दवाखान्याच्या दाराच्या मुठीला हात लावला आणि न धुता बसून राहिली. तिला दरदरून घाम फुटला. ती रडली, तिने विनवण्या केल्या. दर्शना शेजारी नुसत्या बसल्या होत्या. भीती चढत गेली, चढून थांबली, आणि मग कोणी काही न करता हळूहळू उतरली. असंच पुढे. रिक्षाची दांडी, दुकानातले सुटे पैसे, विनीतचे कामाचे कपडे. दरवेळी आधी लिहायचं, काय होईल असं वाटतं, आणि नंतर, काय झालं. काही दिवस ती इतकी खचायची की विनीतला वाटे, सोडून द्यावं हे सगळं. घरात ती विचारायची, "धुतलंत ना?" आणि तो गप्प राहायचा. तिचा चेहरा बघवत नसे. पण ते विचारणंही कमी होत गेलं. तिचं बघून सानिकाचंही हात धुणं सुटलं.

पुढे एके दिवशी तो घरी आला तर श्रद्धा मागीलदारी विळीवर बांगडे कापत बसलेली. हात कोपरापर्यंत खवल्यांनी माखलेले. त्याच्याकडे बघून हसली. कितीतरी वर्षांनी ती अशी हसली होती.

विनीतला तिथे उभं राहवेना. आई आठ महिने पडवीत होती, आणि इलाज इथे, पूल ओलांडून अर्ध्या तासावर होता.

त्या दिवसापासून तो तुटक वागू लागला. ताटावर बसायचा, चार घास खाऊन उठायचा. एकदा एकटाच दर्शनांकडे गेला आणि विचारलं, "आम्ही आधी आलो असतो तर? आई असताना?"

त्यांनी त्याला बसायला सांगितलं. मग म्हणाल्या, "श्रद्धा तेव्हाही बरी झाली असती, असं मला वाटतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी वेगळं सांगणार नाही. पण तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं का?"

"नाही."

"आज कळलंय, म्हणून तेव्हाही कळायला हवं होतं असं आपण धरून चालतो. हे एकदा तपासून बघा."

त्याने मान हलवली. रस्त्याला लागल्यावर पटलेलं सगळं गेलं, राग तेवढा राहिला.

शेवटी श्रद्धानेच तोंड उघडलं. रविवारची दुपार होती, सानिका शेजारी खेळायला गेली होती. श्रद्धा पडवीत तुळसाच्या खाटेवर बसली होती. तिथे बसायला शिकायला तिला महिना लागला होता.

"मी बरी झाले म्हणून तुम्हाला राग येतो," ती म्हणाली.

विनीत खांबाशी जाऊन उभा राहिला.

"एक दिवस आई म्हणाल्या, केस विंचरून दे गो, डोकं खाजतंय. मी फणी घेऊन त्या उंबऱ्यावर उभी राहिले. किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मग त्याच म्हणाल्या, जा बाय, हात धुव जा. आणि मी गेले." ती थांबली. "तेव्हा हात धुतले की बरं वाटायचं. आता तेही नाही. आता हे असंच राहणार."

विनीत खांबाला टेकून उभा होता. आईने तिला माफ केलं होतं, की थकून तिचा नाद सोडला होता, हे त्याला ठरवता येईना. तो म्हणाला, "मावशीकडे जाऊन येऊ. तिला सगळं सांगू."

पुढच्या रविवारी सानिकाला शेजारी ठेवून दोघं एसटीने राजापूरला गेली. कमळामावशी ओटीवर काजू निवडत बसली होती. विनीतकडे बघून "ये" म्हणाली. श्रद्धा पाया पडायला वाकली तशी म्हातारीने पाय आखडून लुगड्याखाली घेतले.

"राहू दे गो. हात विटाळतील तुझे."

श्रद्धा वाकलेली तशीच राहिली. विनीतच्या मनातही गेले काही महिने याच तऱ्हेचे शब्द फिरत होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकले तेव्हा त्याला ते सोसवेनात.

"मावशी, ती आजारी होती," तो म्हणाला. हे तो पहिल्यांदाच कोणाला सांगत होता. "मनाचा आजार होता. आम्हाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं."

मावशी काजूंकडे बघत राहिली. "आजारी तर माझी बहीण होती," ती म्हणाली.

श्रद्धाने ओटीच्या पायरीला हात लावून नमस्कार केला आणि ती उठली. चहा झाला. म्हातारीने तिलाही कप दिला, पण तिच्या हातात नाही, शेजारी जमिनीवर ठेवला. श्रद्धाने तो उचलून चहा संपवला आणि आत जाऊन सगळ्यांचे कप विसळून ठेवले. मावशी नको म्हणाली नाही. पुन्हा या, असंही म्हणाली नाही.

परतीच्या एसटीत गर्दी होती. दोघांना शेजारी जागा मिळाली. श्रद्धा खिडकीबाहेर बघत रडत होती, आवाज न करता, पदराने डोळे पुसत. भाट्याचा स्टॉप येईपर्यंत विनीत तिच्याकडे सरकून बसून राहिला.