सरासरी कान

"आधीच सांगून ठेवतो, कुण्णाचा विश्वास बसणार नाही," असं म्हणत मामांनी खुर्ची पुढे ओढली. भाची सोमवारपासून त्यांच्याच जुन्या कंपनीत, त्यांच्याच विभागात रुजू होणार होती. तिथे मामांविषयी कोण काय बरळेल, नेम नव्हता. त्याआधी आपली बाजू तिच्या गळी उतरवणं भाग होतं.

"कंपनी कानाला अडकवायचे हेडफोन बनवायची. साच्यासाठी सरासरी कान हवा. म्हणून चारशे कानांचे फोटो, आणि प्रत्येकाच्या कडेवर मी साठ ठिपके द्यायचे. एकाचा सातवा ठिपका जिथे, दुसऱ्याचाही सातवा नेमका तिथेच. पाळीचं टोक सापडतं गं, पण वरच्या गोलाईवर तेविसावा कुठे? ना कोपरा, ना खूण. तिथे तयार नजर लागते."

"आणि तुमची होती."

"घारीची! पण साहेबांना घाई. त्यांनी संगणकात एक बटण आणलं. दाबलं की कडेचे साठ सारखे तुकडे, झटक्यात ठिपके. लांब पाळीवाल्यांचे निम्मे ठिपके पाळीतच अडकले. याची पाळी त्याच्या गोलाईत मिसळली, आणि सरासरी निघाली ती कुरतडलेल्या बटाट्यासारखी!"

भाची हसली. मामांना चेव चढला.

"दहा हजार हेडफोन तयार झाले. एक कुणाच्या कानाला बसेल तर शपथ! साहेब म्हणाले, सरासरी शास्त्रीय आहे, लोकांचेच कान चुकलेत. समिती नेमली. समितीने गिऱ्हाइकांना कानाचे व्यायाम सुचवले! अख्ख्या शहरात फक्त साहेबांच्या सासऱ्यांना तो बसला, आणि ते ठार बहिरे होते."

"मग?"

"मग काय! भर बैठकीत उभा राहिलो. म्हटलं, साहेब, नोकरी गेली तरी चालेल, त्या बटणाला मी बोट लावणार नाही. साहेबांच्या डोळ्यांत टचकन पाणी! तसाच जागेवर बसलो आणि एका दुपारी, एकट्याने, हाताने चोवीस हजार ठिपके..."

भाचीचे डोळे विस्फारले. मामा कृतकृत्य झाले.

"अहो, काहीतरीच काय!" स्वयंपाकघरातून हात पुसत मामी दारात आल्या. "बटण साहेबांनी कुठे, तुम्हीच मागे लागून आणवलं होतंत. पहिल्याच दिवशी दाबलंत आणि तीन वाजता घरी येऊन घोरत पडलात. दार मीच उघडलं होतं!"