वायसर आणि मोठे पंख

वृषाली आणि डिंपल जुन्नरच्या शाळेत एका बाकावर बसायच्या. पुढं वृषाली बोरी बुद्रुकला घरची शेती बघून सोलर पंप दुरुस्त करायला लागली आणि डिंपल वडिलांच्या, खेमचंद शेठांच्या, भांड्यांच्या दुकानात बसायला लागली. पण दोघींना वेड एकच: बॅटरीवर उडणारं रिमोटचं विमान. मोटर आणि रिमोट त्यांनी ऑनलाइन मागवला. बाकी सगळं फोमशीट कापून, डिंकानं चिकटवून घरीच केलं.

कांदे निघाले, वृषालीचं वावर मोकळं झालं आणि चाचण्या सुरू झाल्या. पहिल्याच उड्डाणाला विमानानं हातातून सुटताच नाक वर केलं, क्षणभर हवेत लटकलं आणि शेजारच्या मेथीत कोसळलं. दोघींना इतकं हसू आलं, की विमान आणायला कुणी उठेना. नंतर पंखांखाली बोटं धरून तोल पाहिला, तर शेपूट जड. बॅटरी पुढं सरकवली.

मग ते उडालं, पण वेग वाढवला की डावीकडं ओढायचं, आणि डावीकडं ऊस. त्या उसात बिबट्याचा वावर होता. विमान आत पडलं तर गेलंच. वृषालीनं मोटरच्या मागं डाव्या बाजूला वायसरच्या पातळ चकत्या घातल्या. मोटरचं तोंड जरासं उजवीकडं वळलं आणि त्या संध्याकाळी विमान सुतासारखं सरळ गेलं. डिंपलनं त्याला हवेत कोलांटी मारायला लावली. वृषाली ढेकळांतून नाचत सुटली.

नेमके तेव्हाच खेमचंद शेठ बांधावर स्कूटर लावून उतरले. रोज संध्याकाळी गल्ला सोडून लेक जाते कुठं, हे बघायला आले होते. पांढराशुभ्र सदरा, चेहरा कडक. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. डिंपल वरच बघत राहिली, कारण नजर हटली असती तर विमान हातचं गेलं असतं. शेठांनीही वर पाहिलं. विमान उन्हात लकाकत वळलं. ते बराच वेळ मान वर करून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "जरा माझ्याकडं दे."

विमान लांब जात होतं तोवर सगळं ठीक होतं. ते परत यायला लागलं आणि शेठ गोंधळले. त्यांनी उजवीकडं दांडी ढकलली, विमान त्यांच्या डावीकडं, थेट उसावर गेलं.

"काका, त्याच्याकडं पाठ करा," वृषाली ओरडली. "आन् मान वळवून बघा. म्हंजी तुमचं डावं तेच त्याचं डावं."

शेठ फिरले. पाठ विमानाकडं, मान खांद्यावरून मागं, हातात रिमोट, अशा थाटात ते वावरात तिरके तिरके चालत राहिले. विमान उसाच्या शेंड्यांना घासून परतलं, त्यांच्या डोक्यावरून गेलं आणि ढेकळांवर घसरत थांबलं. मोटरचा पंखा तुटला. शेठ बांधावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. लेकीनं त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"लई पळतंय गं हे," दम खात ते म्हणाले. "माझ्यासारख्याला हळू उडणारं करा."

त्यासाठी पंख मोठे लागतील, वजन मात्र वाढायला नको, असं वृषाली म्हणाली. तिथंच मातीत काडीनं नवं विमान काढलं गेलं. निघताना घरी काही बोलायचं नाही, अशी शेठांनी दोघींना ताकीद दिली.

पण घरी पोचल्यावर स्कूटर स्टँडला लागायच्या आत त्यांनीच बायकोला, कस्तुरबाईंना, सगळं सांगून टाकलं. पाठ करून कसं चालवलं, तेही भर रस्त्यात चालून दाखवलं. कस्तुरबाईंनी त्यांच्या सदऱ्यावरची धूळ झटकत ऐकून घेतलं. 

"ऊस नसलेलं वावर न्हाई का कुणाचं?" एवढंच त्यांनी विचारलं. "मला बाई मान वळवून उडवायला न्हाई जमायचं."