एकवीस दिवस बंद नळ

"आलं! आलं! रक्त आलं!"

तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात माणसं एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत होती. महाराजांच्या सांगण्यावरून एकवीस दिवस बंद ठेवलेल्या भाड्याच्या खोलीतला नळ महाराजांनी सोडला आणि तांबडं पाणी भसाभसा बादलीत पडलं.

"रडतोय बरं का, मागचा भाडेकरू!" महाराज डोळे मिटून म्हणाले. "जीव अडकलाय खोलीत. रडू द्या पोटभर, मग जाईल."

पाच मिनिटांत पाणी स्वच्छ झालं. म्हणजे मेलेला माणूस मोरीतून गटारात गेला, आणि चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांनी हात जोडले! मागे उभा असलेला प्लंबर "गंज आहे हो तो" असं पुटपुटला, पण घरमालक त्याचं जुनं गिऱ्हाईक. तो हत्यारांची पिशवी उचलून जिना उतरला.

त्या खोलीत दोन भाडेकरू ताप आणि धाप लागून गेले होते. मालकाला भूत सोयीचं होतं. भूत कधी दुरुस्ती मागत नाही.

मग एक तरुण जोडपं राहायला आलं. दहाव्या दिवशी नवरा हॉस्पिटलात, श्वासाच्या यंत्रावर. महाराजांनी बायकोला उपाय दिला: "मागचा भाडेकरू अजून थोडा उरलाय. खिडक्या लावून रोज अर्धा तास कोमट शॉवरखाली उभी राहा. नवरा वाचेल."

शॉवर तुंबला म्हणून तिने प्लंबरला बोलावलं.

"दादा, लवकर करा. खंड पडला तर यांचं काही खरं नाही." बोलता बोलता ती खोकली.

शॉवरच्या जाळीत काळा, बुळबुळीत थर होता. गीझरचा आकडा चाळीस अंशांवर. वीजबिल फार येतं म्हणून मालकाने सांगितलं होतं आणि दोन वर्षांपूर्वी तो आकडा प्लंबरने स्वतःच खाली आणला होता.

"वहिनी, डॉक्टर काय म्हणाले?"

"छातीत पाण्यातले जंतू सापडलेत. घरचं पाणी कसंय, विचारत होते. मी म्हटलं, महाराजांनी शुद्ध केलंय."

"शॉवर घ्यायचा नाही आता. आधी डॉक्टरांना तुमचा खोकला दाखवा."

तिला रिक्षात बसवून त्याने मालक, महाराज, शेजारी अशा सगळ्यांना खाली गोळा केलं आणि मालकाच्या कित्येक महिने बंद असलेल्या गॅरेजमधला नळ सोडला. तांबडं पाणी!

"इथे कोण मेलंय, मालक?"

"तो इथे येऊन लपला!" महाराज ओरडले.

"मग थांबा पाच मिनिटं, हाही जाईल." पाणी स्वच्छ झालं. प्लंबरने नळ बंद केला. "पाइपातला गंज आहे हा. मारतं ते दिसत नाही. साचलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात, शॉवरच्या तुषारांतून छातीत जातात. एकवीस दिवस खोली बंद ठेवून महाराजांनी ते पोसले. आणि गीझर कमी मी केला. या हाताने."

नवरा त्याच संध्याकाळी गेला. बायकोला वेळेवर औषध मिळालं, ती वाचली. प्लंबर तिच्यासमोर जाऊन रडला, सगळं कबूल केलं.

"मला सांगून आता काय होणार?" ती म्हणाली. "ज्यांची माणसं अजून जिवंत आहेत, त्यांना सांगा."

तेव्हापासून तो दारोदार सांगत फिरतो: गीझर साठवर ठेवा, अंघोळीला गार पाणी मिसळा. जाळी घासा. घर बंद राहिलं असेल तर खिडकी उघडा, नळ हळू सोडा, पाणी वाहू द्या. आणि खोलीत आधी कोण मेलं, हे कळलं तर महाराजांकडे जाऊ नका. कशाने मेलं, ते डॉक्टरांना विचारा.