रखमाजीआबांचा तळहात

मित्रांनो, जरा मान वर करा. टीव्हीच्या वर, कॅलेंडरच्या शेजारी खिळ्याला टांगलेली ती जुनी गिटार म्हणजे मी. माझ्या पोटाला वरपासून खालपर्यंत चीर गेली आहे. तारा दोनच उरल्या आहेत आणि आत एका पालीनं बिऱ्हाड थाटलं आहे. घरी आलेला पाहुणा विचारतो, "ही वाजते का हो?" त्यावर या घरात कुणी उत्तर देत नाही. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

माझा जन्म कोलकात्याच्या एका कारखान्यात झाला. कुणी थोर कारागिरानं मला घडवलं वगैरे काही नाही हं. लाकूड वाकवलं, सरस लावला, चाप लावून वाळत ठेवलं, झाले मी तयार! तिथून मी लोणावळ्याला, भुशीच्या वाटेवरच्या एका बंगल्यात आले. मालकाच्या मुलानं मला चार दिवस कौतुकानं वाजवलं आणि मग माळ्यावर टाकून दिलं. किती पावसाळे मी तिथं काढले, देव जाणे. एकदा मालकीणबाई अडगळ बाहेर काढत होत्या. बंगल्यावर माळीकाम करणारे रखमाजीआबा पुढं झाले आणि म्हणाले, "टाकू नगा बाई. माझी पोरगी गाती. तिला न्हेतो मी." आणि एसटीत मला मांडीवर घेऊन ते सोमाटण्याला, आपल्या घरी आले. वाटेत कंडक्टरनं हटकलं, तर त्यालाही ऐकवलं, "लेकीसाठी चाललीय, धक्का लावू नगंस."

ती लेक म्हणजे सारिका. तेव्हा कॉलेजात होती. तिनं मोबाइलवर बघून बघून बोटं बसवली. बोटांना फोड आले, फोडांचे घट्टे झाले, पण पोरगी हटली नाही. मग तिनं स्वतःच गाणी लिहायला आणि त्यांना चाली लावायला सुरुवात केली. तिची सगळी गाणी हळू आवाजातली. शेजारच्या खोलीत तान्हं पोर निजलंय अशा बेतानं गायची. रागावली तरी तिचा आवाज चढत नसे.

आणि आबा? आबा म्हणजे गावच्या ढोल-लेझमीतले पहिले ढोलकरी! तरुणपणापासून गळ्यात ढोल. जत्रेत त्यांनी टिपरू मारलं की ऐकणाऱ्याच्या छातीत धडकी भरायची म्हणे. बोलणंही तसंच, घरातल्या घरात बोलले तरी रस्त्यावरचा माणूस वळून बघायचा. ते सारिकाला चिडवायचे, "हे गाणं हाय का चहाडी? घसा मोकळा करून म्हण की जरा!" सारिका हसायची आणि आणखी हळू गायची.

पण रोज संध्याकाळी ती मला घेऊन खाटेवर बसली की आबा शेजारी येऊन बसत आणि आपला तळहात माझ्या कुशीवर टेकवत. जाडजूड, भेगाळलेला हात तो. सारिकाला वाटायचं, बापाची माया. माया होतीच, पण तेवढीच नव्हती. मला मात्र पहिल्याच आठवड्यात समजलं होतं. गाणं संपलं की आबा "वा!" म्हणायचे, पण क्षणभर उशिरा. माझ्या लाकडातली थरथर त्यांच्या तळहाताखाली पुरती विझली की मग.

मित्रांनो, आबांचे कान गेले होते. जन्मभर त्या ढोलानं ते खाल्ले होते. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखून ते वेळ निभावत. एकदा घरात कुणी नसताना त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली आणि हलकेच म्हणाले, "तुला म्हून सांगतो. मला न्हाई ऐकू येत गं. पथकात कळलं तर ढोल काढून घेत्याल. आणि सारूला कळलं, तर ती माझ्याम्होरं गायची न्हाई. कुणाला बोलू नगंस." मी कुणाला बोलणार? लाकडाला कुठं तोंड असतं? मी त्यांच्या हाताखाली होईल तेवढी जोरात थरथरायची, एवढंच माझ्या हाती होतं.

पुढं त्याच बंगल्यावर एका टीव्ही मालिकेचं शूटिंग आलं. मालिकेचं नाव 'धुकेवाट'. दिग्दर्शिका अनघाताईंना मालिकेसाठी साधी, शांत गाणी हवी होती. ढोलताशे नकोत, पन्नास व्हायोलिनं नकोत, एक गिटार आणि एक आवाज. आबांना हे कुणाकडून तरी समजलं. झाडांना पाणी घालायची झारी हातात घेऊन ते तडक त्यांच्यापुढं उभे राहिले. "बाई, माझी पोरगी करती तसली गाणी! ऐकून तर बघा!" सेटवरची सगळी माणसं दचकली. अनघाताईंनी हसून बोलावलं, सारिका मला घेऊन गेली आणि काम मिळालं.

ते माझे सोन्याचे दिवस! बंगल्याच्या मागच्या खोलीत खिडक्यांना गाद्या टांगल्या, पावसाचा आवाज आत येऊ नये म्हणून. समोर माइक. सारिका गायची, मी वाजायची. मालिका गाजली आणि गाणीही गाजली. तळेगावातल्या पोरींनी ती मोबाइलला रिंगटोन म्हणून लावली. "त्या गिटारचा आवाज कसा जुना, उबदार लागतो," असं कुणी लिहिलं होतं, ते सारिकानं मला वाचून दाखवलं. तुम्हीच सांगा, इतकं कौतुक झाल्यावर कोण हुरळणार नाही?

मालिका संपत आली, तेव्हा सगळ्या गाण्यांचा अल्बम काढायचं ठरलं. एक शेवटचं गाणं उरलं होतं. ते सारिकानं आबांवर लिहिलं होतं:

तुझ्या हाताच्या उबेला
माझं गाणं टेकलेलं

त्या गाण्याचा सराव ती आबा कामावर गेल्यावरच करायची. आबांनी विचारलं, "ह्ये शेवटचं मला का ऐकवीना?" तेव्हा तिनं त्यांच्या गालाला हात लावला, तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "आबा, आत्ता नाही. अल्बम आला की सगळ्यांच्या देखत ऐका." एवढं त्यांना ओठांवरून उमगलं. ते खूश झाले.

श्रावण होता. आठ दिवस उघडीप नव्हती. भिंती घामेजल्या होत्या, कपडे वाळत नव्हते आणि मीही ओल पिऊन जड झाले होते. रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी सारिका एक जुनं गाणं वाजवत बसली. आबांनी हात टेकवला आणि त्यांचा चेहरा पडला. हात त्यांनी वर सरकवला, खाली सरकवला. "सर्दावलीय गं ही. बोलत न्हाई."

"पावसाळ्यात होतंच असं, आबा. उद्या नव्या तारा घालते."

त्यांना ते ऐकू गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सारिका तारा आणायला तळेगावला गेली. आबा मला घेऊन चुलीपाशी बसले.

ढोल सर्दावला की ढोलकरी काय करतो? आरावर, निखाऱ्यांच्या उबेवर शेकतो. चामडं तापतं, ताणलं जातं आणि ढोल पुन्हा खणखणीत बोलू लागतो. आबांनी आयुष्यभर हेच केलं होतं. त्यांनी गोवऱ्यांचा मंद आर केला. मला हातात धरून आधी पाठ शेकली, मग पोट शेकलं. अहो, किती हळुवारपणे! तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घातल्यावर शेकतात ना, तसं. मध्येच बोटानं टिचकी मारून हात टेकवत आणि म्हणत, "बोल गं बाई. आज सारूचं गाणं हाय."

मला ओरडायचं होतं. आबा, मी चामड्याची नाही हो! माझा सरस वितळू लागला. पाठ सुटली. तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी उखडली आणि शेवटी पोटाचं लाकूड काड्‌कन तडकलं. एवढा मोठा आवाज झाला, पण तो आबांना ऐकू गेला नाही. ते शेकतच राहिले.

सारिका दारात आली. हातातली तारांची पुडी खाली पडली. तिनं मला त्यांच्या हातातून ओढून घेतलं. "आबा, हा ढोल नाही! काय केलंत हे?" तेवढ्यातही तिचा आवाज चढला नाही.

आबांनी आनंदानं विचारलं, "कसा निघतोय आता आवाज?"

सारिकाला वाटलं, ते थट्टा करताहेत. तिनं त्यांच्याकडं असं काही पाहिलं की त्यांचं हसू विरलं. मग त्यांना माझी चीर दिसली. त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं आणि ते बाहेर ओट्यावर पावसात जाऊन बसले.

तळेगावच्या वाद्यवाल्यानं मला उलटीसुलटी केली. म्हणाला, "चिकटवून देतो. भिंतीवर छान दिसेल." पाठ आणि पट्टी चिकटवून, उरलेल्या दोन तारांनिशी मी या खिळ्यावर आले. दुसऱ्या कुणाची तरी गिटार आणून ते गाणं रेकॉर्ड झालं. चांगली वाजली ती, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवसापासून सारिका आबांशी कामापुरतंच बोलू लागली. आणि ती संध्याकाळची खाट रिकामी राहू लागली.

दिवाळीच्या आधी अल्बम आला. अनघाताई घरी आल्या. शेजारच्या शालूबाई आल्या, गल्लीतली पोरं आली. सारिकाचाही राग निवला होता. तिनं छोटा स्पीकर टीव्हीजवळ, बरोबर माझ्याखाली ठेवला. आबांनी धुतलेली टोपी घातली आणि मांडी घालून अगदी पुढं बसले. सारिकानं आबांचं गाणं लावलं.

शालूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. अनघाताईंनी मान खाली घातली. सारिका टक लावून आबांच्या चेहऱ्याकडं पाहत होती. गाणं संपलं. कुणी हललं नाही.

आबा उत्सुकतेनं म्हणाले, "लाव की गं सारू आता. कवाधरनं बसलोय मी."

मित्रांनो, त्यानंतर तिचा चेहरा जसा झाला, तो पुन्हा कधी पाहायला नको. तिला सगळं एकदम उमगलं. तो तळहात. उशिरा येणारी ती "वा!" आणि तो आरसुद्धा. तिनं मला खिळ्यावरून खाली काढलं, मांडीवर घेतलं आणि आबांचा हात ओढून माझ्या कुशीवर ठेवला. उरलेल्या दोन तारांवर ती ते गाणं म्हणू लागली. आयुष्यात पहिल्यांदा ती घसा फोडून गायली.

मी सारा जीव एकवटला. पण फुटक्या लाकडातून काय जाणार? थरथर चिरेपर्यंत यायची आणि तिथंच मरायची.

आबांनी डोळे मिटून घेतले. मान डोलावली. "येतंय," ते म्हणाले. "येतंय ऐकू. लई ग्वाड झालंय." ते खोटं बोलत होते. हे मला ठाऊक होतं आणि सारिकालाही ठाऊक होतं, कारण या वेळी "वा!" गाणं संपायच्या आधीच आली होती.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, नसच गेलीये, यंत्र लावलं तर नुसता गोंगाट वाढेल. सारिकानं नवी गिटार आणली. आबा तिच्यावर हात ठेवत नाहीत. "माझा हात वाईट हाय," म्हणतात आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसतात. हल्ली सारिकाही घरी गात नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी मी काही मागत नाही. पालीला सुखानं नांदू द्या. पण तुमच्या घरात कुणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल, विचारलेल्याला नुसतंच हसून मान हलवत असेल, तर त्याच्यावर खेकसू नका. त्याच्या जवळ जाऊन बसा. आणि एखादं गाणं त्याच्यासाठीच केलं असेल, तर ते सगळ्यांच्या देखत ऐकवायला राखून ठेवू नका. त्याचा हात टेकलेला आहे तोवर, आजच म्हणा.